नऊ घाटे

पौष लागला की भाजीबाजारात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. मुळांना ओली काळी माती आणि पानांवर ती आंब, जिच्यामुळे हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत बोटं आंबट लागतात. मी दर वर्षी दोन जुड्या घेते. भाजीवाली दर वर्षी म्हणते, "ताई, सोलत बसायला वेळ हाय का तुम्हाला?" वेळ नसतो. तरी घेते. नाशिकच्या थंडीत सकाळी गच्चीवर उन्हाकडे पाठ करून हरभरा सोलत बसणं ही माझी वर्षातली एकुलती एक चैन आहे. पण त्या चैनीत एक कुसळ अडकलेलं आहे, आणि यंदा ते काढायची वेळ आली.

हरभरा सोलायचा नियम सगळ्या घरांत सारखाच असतो. एक वाटीत, एक तोंडात. हात आणि तोंड मिळून काय ठरवतात ते डोक्याला विचारत नाहीत. समोर कुणी बोलत असलं किंवा रस्त्यावर काही चाललं असलं, तर वाटीतलाही तोंडात जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. वाटी भरेना म्हणून आमची आई ओरडायची, "तुला सोलायला बसवलंय की चरायला?"

यंदा जुड्या घरात आल्या त्याच दिवशी बापूचा फोन आला. बापू माझा थोरला भाऊ. दिंडोरीच्या अलीकडच्या आमच्या गावात तो द्राक्षबाग बघतो. वय एकसष्ट, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे.

"नंदे, रविवारी ये. जुन्या मोटारसायकलींची शर्यत ठेवलीय. मातीतली, आपल्या वेळेसारखी. पस्तीस वर्षांच्या आतली गाडी चालत नाही."

"आणि माणूस?"

"माणसाला अट नाही," तो म्हणाला, आणि मग, "रंगनाथ पण येतोय. चांदवडचा."

माझ्या हातात अर्धवट सोललेला घाटा होता. तो मी तसाच वाटीत टाकला. बापूनं फोन ठेवूनही दिला होता. एरवी या माणसाचा फोन आपल्याला ठेवावा लागतो.

शर्यत म्हटलं की लोकांना आवाज आठवत असेल. मला एरंडेल आठवतं. त्या काळी बापू आणि त्याची मित्रमंडळी गाडीच्या पेट्रोलमध्ये एरंडेल घालायची. त्यानं इंजिन कितीही तापलं तरी जाम होत नाही, असं कुणीतरी पुण्याहून ऐकून आलं होतं. एरंडेल आणणार कुठून, तर फडताळातून. आईची बाटली आठवड्याला रिकामी व्हायला लागली. तिनं चार-पाच आठवडे कळ काढली आणि एक दिवस बापूला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "बाबा रे, तुझ्या पोटाला झालंय तरी काय?" तिला खरं कळलं तेव्हा आधी ती पोट धरून हसली, मग तिनं त्याला झाडूनं मारलं. एरंडेल जळतं तेव्हा त्याचा वास गोडसर येतो. कढईत काहीतरी तळायला घेतलंय आणि ते किंचित करपतंय, असा. पौषातली सकाळ, धुई, ओल्या मातीचा वास आणि त्यात हा वास मिसळला की मला अजून अठरा वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

गाडी आमच्या वडिलांची होती. दूधवाले किटल्या लटकवून फिरवतात तसली. बापूनं तिचा दिवा काढला, मडगार्ड काढली, सायलेन्सर वर वळवून घेतला आणि खोल खाचांचे टायर चढवले. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिच्या टाकीवर पांढऱ्या रंगानं आकडा काढून दिला. अक्षर त्यांचं चांगलं होतं.

गावाबाहेरच्या माळावर शर्यत व्हायची. ट्रॅक्टरनं माती ओढून उंचवटे केलेले, वळणावर उसाच्या पाचटाचे भारे रचलेले. बघणारे बैलगाड्यांवर आणि ट्रॉल्यांवर चढून बसायचे. आणि या शर्यतींची आमच्या भागात एक रीत होती. आपल्या गड्याच्या फेऱ्या आपण मोजायच्या नाहीत, समोरच्यानं मोजायच्या. आपल्या माणसाची एखादी फेरी वाढवायचा मोह कुणालाही होतो. दुसऱ्याची कमी केली तर मात्र चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. चार-दोन डोकी फुटल्याशिवाय असली शहाणी रीत पडत नाही, तेव्हा ती कशी पडली ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा बापूच्या फेऱ्या रंगनाथच्या चुलतभावाकडे गेल्या आणि रंगनाथच्या आमच्याकडे आल्या. बापूचे मित्र सगळे गाडीला चिकटलेले. कुणीतरी म्हणालं, "नंदा मोजेल की. कॉलेजात जाते." कागदावर रेघा मारायची पद्धत नव्हती. धुळीनं डोळे मिटले की आपण रेघ मारली की नाही तेच आठवत नाही. म्हणून मोजायला वस्तू लागे. कुणी खडे घेई, कुणी चिंचोके. मी बांधावरचा हरभरा खायला उपटून आणला होता, त्यातलेच घाटे घेतले. रंगनाथची एक फेरी झाली की एक घाटा ओढणीच्या टोकात. दहा झाले की हात वर करून ओरडायचं.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही.

रंगनाथ कांदेवाल्या घरातला, उंच, सडसडीत मुलगा. त्याच्या टाकीवरचा आकडा पहिल्याच फेरीत चिखलानं गेला, पण गळ्यात पिवळा रुमाल होता, तो लांबून दिसायचा. दुसऱ्या फेरीला तो वळणावर आडवा झाला. उठला, गाडी उभी केली, तिसऱ्या किकला सुरू झाली आणि निघाला. आणि मग तो जे चालवायला लागला ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तो सीटवर बसतच नव्हता. उभा राहून गुडघ्यांतून गाडी खेळवत होता. उंचवट्यावरून ती हवेत गेली की त्याचं अंग अलगद मागे जायचं आणि चाकं खाली टेकायच्या आत पुन्हा पुढे यायचं. बाकीचे गाडीशी भांडत होते, हा तिच्याशी बोलत होता. मी बघतच राहिले. समोर माझा सख्खा भाऊ जीव तोडून चालवत होता आणि मी दुसऱ्याकडे बघत राहिले, हेही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा गाड्या, धूळ, मागे पडलेले आणि पुढे गेलेले सगळे एकमेकांत मिसळलेले. कोण कितव्या फेरीत आहे ते मोजणाऱ्यांशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. रंगनाथनं रेघ ओलांडली, हात वर केला, गाडी बंद केली आणि रुमाल सोडून तोंड पुसायला घेतलं. पाठोपाठ बापू आला. रंगनाथचा चुलतभाऊ इमानेइतबारे ओरडला, "बापू, दहा!" पंच म्हणून एक निवृत्त ड्रिल मास्तर होते, ते माझ्याकडे वळले. मी ओढणी उघडली.

नऊ.

पुन्हा मोजले. नऊ. "नऊ," मी म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला माझा.

रंगनाथनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं नसावं तसं. "ताई, दहा झाल्या," तो म्हणाला. मी ओढणी त्याच्यापुढे धरली. त्यात नऊ घाटे होते, त्याच्यापुढे तो काय बोलणार? लोकांनाही ते पटलं. दुसऱ्या फेरीला पडलाच होता की, राहिला असेल एक फेरी मागे. त्यानं घाईघाईनं किक मारली, पण तापलेली गाडी लवकर सुरू होईना. तोवर बापूला खांद्यावर घेतलं होतं. मी खाली बघितलं. माझ्या पायाशी टरफलांचा हा एवढा ढीग पडला होता.

त्या ढिगात ओढणीतल्या एका घाट्याचं टरफल होतं का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. कळलं ते एवढंच, की त्या क्षणी मी गप्प बसले. म्हणू शकले असते, "मास्तर, मी खात होते, माझा भरवसा धरू नका." सात-आठ शब्दांचं काम. बापूचा लाल झालेला चेहरा बघितला आणि ते शब्द गिळले.

बापूला मिळालेली ढाल आमच्या बैठकीत देवांच्या शेजारी लागली. नवी सून, नवा जावई, द्राक्ष बघायला आलेला व्यापारी, सगळ्यांना त्या शर्यतीची गोष्ट ऐकावी लागते. दर वर्षी तिच्यात एखादा उंचवटा वाढतो. रंगनाथनं दुसऱ्याच दिवशी गाडी विकली आणि पुन्हा शर्यतीत उतरला नाही, असं कानावर आलं. पुढे माळावर बागा झाल्या, शर्यती थांबल्या, मी लग्न होऊन शहरात आले.

आणि नोकरी कसली मिळावी, तर मोजण्याची. तीस वर्षं मी रक्त तपासते. यंत्रं आली तरी शंका आली की काच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन पेशी हातानं मोजाव्या लागतात. मी नेहमी दोनदा मोजते. बरोबरच्या मुली चिडवतात, "मॅडम, पेशी कुठे पळून जात नाहीत." मी हसते. प्रयोगशाळेत मी कधीही, चहाच्या वेळेलासुद्धा, काही तोंडात टाकत नाही. मुलींना वाटतं शिस्त आहे.

इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट ठरवता आलेली नाही. मी विसरून खाल्लं, की माझ्या हाताला बापू जिंकायला हवा होता? त्याच्यासाठी खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, एवढं नक्की. पण एखादा घाटा तोंडात टाकायला कसली तयारी लागते? माणूस स्वतःला फसवतो तेव्हा फार मोठं काही करत नाही बहुतेक, हात जरा सैल सोडतो. एवढं लिहूनही मला खात्री नाही, आणि ती आता होणारही नाही.

तर त्या रविवारी मी ठरवूनच गेले. रंगनाथला सांगायचं. पण सांगायचं म्हणजे बापूच्या भिंतीवरची ढाल काढायची. साठी ओलांडलेल्या भावाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस त्याच्याकडून काढून घ्यायचा, आणि तोही कुणी, तर त्याच्या बहिणीनं. दिंडोरी रस्त्याला मी दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबले.

शर्यत एका मोकळ्या रानात होती. मालकानं जुनी बाग काढून टाकलेली, वेलींच्या आधाराचे लोखंडी अँगल एका कडेला रचून ठेवलेले. धूळ बसवायला औषध फवारायचा ब्लोअर साधं पाणी भरून फिरत होता. मिसळीचा तंबू, ट्रॉल्यांऐवजी गाड्यांच्या टपांवर चढलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आणि रांगेत उभ्या त्या म्हाताऱ्या मोटारसायकली, घासूनपुसून लग्नाला काढल्यासारख्या. चालवणाऱ्यांची पोटं टाकीवर टेकलेली. एकाची बायको त्याला गोळ्यांची पट्टी दाखवत होती. मग कुणीतरी पहिली किक मारली आणि तो वास आला. एरंडेल! मला एकदम भरून आलं, आणि जवळ कुणी ओळखीचं नाही याचं बरं वाटलं.

बापू त्याच्या गाडीजवळ बसून क्लचची तार आवळत होता. वहिनी रुसून घरीच राहिली होती.

"बापू," मी म्हणाले, "तुला एक सांगायचंय. त्या शर्यतीचं."

"पाना दे तो."

मी पाना दिला. "मी तेव्हा हरभरा खात होते. ओढणीतला एखादा खाल्ला असेल. रंगनाथच्या दहा झाल्या असतील, बापू."

तो तार आवळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "झाल्याच होत्या."

मला वाटलं गाड्यांच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"तो पडला तेव्हा माझ्या मागे होता. नंतर त्यानं मला गाठलं आणि पुढे गेला. मी त्याला एकदाही ओलांडलं नाही. मग तो एक फेरी मागे कसा राहील?" त्यानं पाना खाली ठेवला. "मला तिथंच कळलं होतं. पण तोवर पोरांनी उचललं होतं मला. वरून दादा दिसले. रडत होते."

दादा म्हणजे आमचे वडील. ते रडताना मी कधी पाहिले नाहीत. बापूनं पाहिले ते त्या दिवशी.

मला त्याचा राग यायला हवा होता. पस्तीस वर्षं मी एकटीनं वाहिलं म्हणत होते ते ओझं याच्याही डोक्यावर होतं, आणि हा त्यावर उंचवटे चढवून गोष्टी सांगत होता. पण गोष्ट इतकी वेळा का सांगावी लागत होती, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाडाळ झालाय त्याचा.

"मी सांगणार आहे रंगनाथभाऊंना," मी म्हणाले.

"तू नाही. मी सांगतो. पण शर्यत झाल्यावर. आधी सांगितलं तर डोक्यात घेऊन चालवेल आणि पडेल."

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सहाच फेऱ्या होत्या. रीत कुणीतरी आठवणीनं पाळली होती आणि रंगनाथच्या फेऱ्या पुन्हा माझ्याकडे आल्या. मी तोंडात सुपारीसुद्धा नव्हती टाकली. रंगनाथचे केस पांढरे झालेत, उभा राहून तो फार वेळ चालवू शकत नाही, पण पहिल्या उंचवट्यावर त्याचं अंग मागे गेलं आणि पुढे आलं तेव्हा मी ते ओळखलं. नाशिकरोडचा एक दातांचा डॉक्टर पहिला आला. बापू सातवा, रंगनाथ आठवा. दोघं धापा टाकत एकाच बाकड्यावर येऊन बसले.

"ही तुझी जुनीच का रे?" बापूनं त्याच्या गाडीकडे बघत विचारलं.

"नाय. ती लय शोधली, नाय घावली. ही मनमाडहून आणली."

बापूनं पाण्याची बाटली त्याच्याकडे दिली आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. त्या शर्यतीत तू पहिला होतास, मला माहीत होतं, मी बोललो नाही. मग मी माझं सांगितलं. हरभऱ्याचंही सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

रंगनाथनं बाटलीचं झाकण लावलं. 

"घरी गेलो तव्हा सांगितलं, पहिला मीच व्हतो," तो म्हणाला. "वडील म्हणले, हरला तर हरला, खोटं कशापायी बोलतो? सगळ्या घरासमोर. मग गाडी ठेवून काय करू? इकून टाकली. वडील जाऊन वीस वर्षं झाली." तो आमच्याकडे वळला. "आई हाय अजून. तिला सांगता का?"

"सांगतो," बापू म्हणाला. "आत्ता चल."

"ऐकायला कमी येतं तिला. जोरात सांगावं लागंल."

आम्ही तसेच निघालो, बापू आणि मी माझ्या गाडीत, रंगनाथ पुढे त्याच्या टेम्पोत, मागे मोटारसायकल बांधलेली. चांदवडला त्याच्या मळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कांदे साठवायच्या चाळीपुढे बाजेवर त्याची आई बसली होती. नव्वदीच्या आसपासची, लहानशी, पाय पोटाशी घेतलेले. सून आणि नातवंडं बाहेर आली. शेजारच्या रानात कांदे लावणाऱ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघायला लागल्या.

बापू बाजेपुढे जमिनीवर बसला. गुडघे कटकन वाजले.

"मावशी!" तो ओरडला. "मी दिंडोरीचा बापू! रंगनाथच्या संगं गाडी पळवायचो!"

म्हातारीनं मान हलवली.

"मावशी, त्या शर्यतीत मी पहिला नव्हतो! रंगनाथ पहिला होता! मला माहीत असून मी गप्प बसलो! तुमचा पोरगा खरं बोलत होता!"

इतकी वर्षं ज्या आवाजात त्यानं स्वतःचं जिंकणं सांगितलं, त्याच आवाजात तो हे सांगत होता. बांधापर्यंत ऐकू गेलं असेल. सगळे म्हातारीकडे बघत होते. रंगनाथ खांबाला धरून उभा होता. तिला कळलं की नाही ते आम्हाला कळेना, म्हणून बापूनं पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं हातानं त्याला थांबवलं.

"वरडू नको," ती म्हणाली. "मला ठाव हाय ते. त्यानं त्याच दिवशी सांगितलं व्हतं ना मला."